फुलातले फळ : एका सुगंधकुळाचा स्वभाव

गंधाचे वर्णन करताना भाषेला नेहमीच दुसऱ्या वस्तूचा आधार घ्यावा लागतो. रंगांसाठी तांबडा, पिवळा, निळा असे स्वतंत्र शब्द आहेत. चवींसाठी गोड, आंबट, तुरट असे शब्द आहेत. गंधाच्या बाबतीत मात्र ‘कशासारखा’ हा प्रश्न टाळता येत नाही. मराठीत खमंग, उग्र, कुबट, आंबूस, मंद अशी विशेषणे आहेत खरी, परंतु ती गंधाची केवळ जात सांगतात. नेमका गंध सांगायचा झाला तर मोगऱ्याचा वास, वाळ्याचा वास, पहिल्या पावसाने भिजलेल्या मातीचा वास असेच म्हणावे लागते.

या अडचणीतून वाट काढताना मराठीने एका फुलाला मोठे अर्थपूर्ण नाव दिले आहे. संध्याकाळी उमलणाऱ्या एका लहानशा, दुधाळ रंगाच्या चाफ्याला पिकलेल्या कवठासारखा वास येतो. म्हणून तो कवठी चाफा. त्याच्याच पंक्तीला बसणारा दुसरा म्हणजे हिरवा चाफा. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने हा चाफा नव्हेच. तो सीताफळाच्या कुळातला आहे. पानांच्या रंगात मिसळून गेलेले हे फूल डोळ्यांना सहसा सापडत नाही, परंतु ते पिवळसर होऊ लागले की जवळपास कोठेतरी पिकलेले फळ ठेवले आहे असा भास होतो. फुलाला फळाचा वास येऊ शकतो, ही गोष्ट ज्या अनामिक माणसांच्या ध्यानात आली, त्यांनी आजच्या सुगंधव्यवसायातील एका मोठ्या कुळाचे मर्म नकळत ओळखले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

हे कूळ म्हणजे फळ आणि फूल यांच्या गोड संयोगातून घडविलेले, मुख्यतः स्त्रियांसाठी म्हणून विकले जाणारे परफ्यूम. वेष्टनावर पीच, नासपती, सफरचंद किंवा आलुबुखार यांपैकी एखाद्या फळाचे नाव असते आणि त्याच्या जोडीला गुलाब, मोगरा वा निशिगंध असतो. गेल्या तीन-चार दशकांत हे कूळ जगभर पसरले. त्याचे चाहते त्याला प्रसन्न, हलके व तरुण म्हणतात. त्याचे टीकाकार त्याला उथळ, पाकासारखे गोड आणि नकली म्हणतात. यांपैकी ‘नकली’ हा आरोप अधिक गंभीर आहे. बाटलीवर ज्या फळाचे नाव आहे ते फळ बाटलीत नसते, ही गोष्ट खरी आहे. मग ही ग्राहकाची फसवणूक समजावी काय? या प्रश्नाचे उत्तर द्यावयाचे तर फुलात काय असते, फळात काय असते आणि बाटलीत काय येते, हे क्रमाने पाहिले पाहिजे.

अमळनेर ते सर्जापूर रोड

हा व्यवसाय दूरदेशीचा आहे असे समजण्याचे कारण नाही. बेंगळुरू शहराच्या आग्नेय भागातून आगर, इब्लूर, दोड्डकन्नेल्ली, दोम्मसंद्र या गावांवरून सर्जापूरकडे जाणारा रस्ता ‘सर्जापूर रोड’ या नावाने ओळखला जातो. एकेकाळी तळी, शेते आणि लहान खेडी यांमधून जाणाऱ्या या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आता कार्यालये आणि उंच निवासी इमारती उभ्या आहेत. दोड्डकन्नेल्ली येथे विप्रो या उद्योगसमूहाचे मुख्य कार्यालय आहे. संगणकक्षेत्रातील कामगिरीमुळे हे नाव सर्वांना परिचित आहे. परंतु त्याचा प्रारंभ खानदेशात झाला हे अनेकांच्या लक्षात नसते.

१९४५ साली महंमद हाशम प्रेमजी यांनी ‘वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स’ ही कंपनी स्थापन केली आणि अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना सुरू झाला. पुढे तेलाच्या जोडीला साबण आला. १९८०च्या दशकाच्या मध्यास चंदन व हळद यांच्या नावाने ‘संतूर’ साबण बाजारात आला. २००७ मध्ये आग्नेय आशियातील ‘उन्झा’ ही कंपनी या समूहाने विकत घेतली आणि तिच्याबरोबर ‘आँशाँतर’ हे स्त्रियांच्या सुगंधाचे नाव त्याच्याकडे आले. २००९ मध्ये ‘यार्डली’ या जुन्या इंग्लिश नावाचे आशिया व अन्य काही प्रदेशांतील हक्कही त्याने घेतले. १७७० हे यार्डलीचे स्थापनावर्ष सांगितले जाते आणि तिची कीर्ती लव्हेंडर व गुलाब या फुलांवर उभी आहे. २०१३ मध्ये ग्राहकोपयोगी वस्तूंचा हा व्यवसाय संगणकव्यवसायापासून वेगळा करण्यात आला.

तेलाच्या कारखान्यातून सुगंधाच्या बाटलीपर्यंतचा हा प्रवास वाटतो तितका विसंगत नाही. वनस्पती तूप तयार करताना तेलाचा मूळ वास काढून टाकावा लागतो. त्यासाठी निर्वात पात्रातील तापलेल्या तेलातून वाफ सोडतात. वासाचे बाष्पशील रेणू वाफेबरोबर निघून जातात आणि तेल निर्गंध होते. गुलाबाच्या पाकळ्यांतून अत्तर काढणारा कारागीरही मुळात हेच तत्त्व वापरतो. फरक इतकाच की, तेल गाळणारा वाफेबरोबर गेलेला वास टाकून देतो, तर अत्तर काढणारा तोच थंड करून साठवतो. जे उडून जाऊ शकते तेच नाकापर्यंत पोहोचू शकते, हा या सर्व विद्येचा पहिला नियम होय.

फुलात काय असते

एका फुलाचा गंध एकाच द्रव्याचा बनलेला नसतो. गुलाबाच्या तेलात शेकडो घटक आहेत. मोगरा, जाई आणि निशिगंध यांचीही तीच गोष्ट आहे. जाईच्या अर्कात बेंझिल ॲसिटेट या द्रव्याचा मोठा वाटा असतो. हे द्रव्य वेगळे काढून हुंगले, तर त्यात जाईबरोबरच केळ्याची व नासपतीची छटा स्पष्ट जाणवते. त्याच अर्कात इंडोल हे आणखी एक द्रव्य अल्प प्रमाणात असते. ते एकटे असता त्याचा वास मुळीच सुखद नसतो. परंतु ते वगळले की जाईचा गंध फिका आणि निर्जीव होतो. केसांत माळलेला गजरा रात्र सरता सरता जड वाटू लागतो, त्यामागे या द्रव्याचा हात असतो.

गुलाबाची कथा अधिक उद्बोधक आहे. गुलाबाचे मुख्य घटक फार पूर्वीच ओळखले गेले होते, तथापि ते एकत्र करून खरा गुलाब काही तयार होत नव्हता. १९७०च्या सुमारास स्वित्झर्लंडमधील रसायनशास्त्रज्ञांनी बल्गेरियन गुलाबाच्या तेलातून डॅमॅसिनोन हे द्रव्य शोधून काढले. तेलातील त्याचे प्रमाण एक टक्क्याहून पुष्कळच कमी आहे; पण मानवी नाक त्याच्या बाबतीत इतके संवेदनशील आहे की, तेवढ्याने गुलाबाला त्याचे पूर्ण रूप प्राप्त होते. आणि या द्रव्याचा स्वतःचा वास कसा आहे? शिजवलेल्या सफरचंदासारखा, आलुबुखारासारखा, मधासारखा. गुलाबाला गुलाबपण देणाऱ्या द्रव्यांपैकी एक महत्त्वाचे द्रव्य अशा रीतीने फळाच्या वासाचे निघाले.

यामागील कारण वनस्पतीच्या घडणीत आहे. गाजर, आंबा, झेंडू यांना पिवळा-केशरी रंग देणारी कॅरोटिनॉइड वर्गातील रंगद्रव्ये जेव्हा तुटतात, तेव्हा त्यांच्या तुकड्यांपासून आयोनोन आणि डॅमॅसिनोन ही दोन्ही गंधद्रव्ये तयार होतात. आयोनोनचा वास युरोपातील व्हायोलेट फुलाचाही आहे आणि रासबेरी या फळाचाही; आपल्या सोनचाफ्याच्या गंधातही आयोनोन व त्याची भावंडे आढळतात. फुलासाठी एक रसायनशाळा आणि फळासाठी दुसरी, अशी व्यवस्था वनस्पतीने केलेली नाही. एकाच प्रकारच्या प्रक्रियांतून ती फुलाच्या वेळी परागवाहक कीटकांना बोलावते आणि फळाच्या वेळी बी पसरविणाऱ्या प्राण्यांना. चाफ्याच्या व सीताफळाच्या कुळांतील पुष्कळ फुलांचे परागण भुंगेऱ्यांकडून होते आणि आंबू लागलेल्या पक्व फळाचा वास भुंगेऱ्यांना ओढून आणतो. कवठी चाफ्याचा आणि हिरव्या चाफ्याचा फळगंध या दृष्टीने पाहिला म्हणजे चमत्कारिक वाटत नाही.

फुलांतून हा गंध बाहेर काढणे कष्टाचे आणि खर्चाचे काम आहे. गुलाब वाफेची उष्णता सोसतो. म्हणून त्याचे ऊर्ध्वपातन करता येते. जाई आणि निशिगंध यांचा नाजूक गंध उष्णतेने बिघडतो, म्हणून त्यांच्यासाठी बहुधा विद्रावकाचा उपयोग करून प्रथम मेणासारखा घनार्क आणि त्यातून शुद्ध अर्क काढतात. एक टन जाईच्या फुलांपासून साधारणतः अडीच ते तीन किलो घनार्क मिळतो आणि शुद्ध अर्क त्याच्या निम्म्याच्या आसपास. तामिळनाडू व कर्नाटक या राज्यांतील जाई, मोगरा आणि निशिगंध यांचे अर्क परदेशी सुगंधगृहांकडे जातात. बेंगळुरूजवळील हेसरघट्टा येथील भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेने निशिगंधाच्या ‘शृंगार’, ‘प्रज्वल’ यांसारख्या जाती विकसित केल्या आहेत. अर्काच्या एका थेंबामागे पहाटे शेतात वाकून कळ्या व फुले खुडणारे असंख्य हात असतात, ही गोष्ट किमतीचा विचार करताना विसरता येत नाही.

फळात काय असते

फुलाचे तेल किंवा अर्क तरी मिळतो. बहुतेक फळांचे तेवढेही मिळत नाही. लिंबू, संत्रे, मोसंबी यांच्या सालीत तेलाच्या सूक्ष्म पिशव्या असतात आणि त्या दाबल्या की तेल निघते. परंतु पीच, सफरचंद, नासपती, स्ट्रॉबेरी किंवा आंबा यांच्या गरात सुगंधी द्रव्ये अत्यल्प असून ती पाणी व साखर यांत विखुरलेली असतात. गर तापविला की मुरंब्याचा वास येतो, ताज्या फळाचा नव्हे. सारांश, परफ्यूममध्ये फळ आणावयाचे असेल, तर लिंबूवर्गाचा अपवाद वगळता रसायनशास्त्राचा आधार घ्यावाच लागतो.

फळांच्या वासात दोन वर्ग विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला एस्टर द्रव्यांचा. अल्कोहोल व आम्ल यांच्या संयोगातून ती बनतात. आयसोअमाइल ॲसिटेटला पिकल्या केळ्याचा वास येतो, हेक्झिल ॲसिटेटला नासपती व सफरचंद यांचा. ही द्रव्ये हलकी, चटकन उडणारी असतात; फळ कापताच प्रथम जो ताजा, रसरशीत वास येतो तो बहुधा त्यांचा असतो. दुसरा वर्ग लॅक्टोन द्रव्यांचा. ती अधिक जड असून त्यांच्या वासात सायीचा, मखमली स्निग्धपणा असतो. पीचचा गुबगुबीत मऊपणा आणि खोबऱ्याचा स्निग्ध वास ही लॅक्टोनांची देणगी आहे.

पीच हे फळ महाराष्ट्रात घरोघरी परिचित नाही. पण लॅक्टोनाचा अनुभव मराठी वाचकाला दुसऱ्या मार्गाने मिळालेला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील संशोधकांनी हापूस आंब्याच्या बाष्पशील घटकांचा तपशीलवार अभ्यास केला. कैरी ते पक्व फळ या प्रवासात वासाचे घटक बदलत जातात आणि फळ पिकताना लॅक्टोन व फ्युरॅनोन या वर्गांतील द्रव्ये प्रकट होतात, असे त्यांना आढळून आले. फ्युरॅनोन द्रव्यांना भाजलेल्या साखरेची आणि स्ट्रॉबेरीची छटा असते. अढीतला हापूस ‘तयार झाला’ हे घरातली वडीलधारी मंडळी नाकाने ओळखतात, ते प्रामुख्याने अशाच द्रव्यांच्या साक्षीवरून.

सुगंधव्यवसायात लॅक्टोनाचा प्रवेश १९०८ च्या सुमारास झाला. त्या वर्षी पीचचा वास असलेले गॅमा-अनडेकालॅक्टोन प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. व्यापारात ते ‘सी-१४ अल्डिहाइड’ या नावाने विकले जाऊ लागले. वस्तुतः ते अल्डिहाइड नव्हे आणि त्यात कार्बनचे चौदा अणूही नाहीत; अकराच आहेत. हे टोपणनाव आजही टिकून आहे. १९१९ साली पॅरिसच्या झाक गेर्लॅन यांनी ‘मित्सुको’ या परफ्यूममध्ये या द्रव्याचा उपयोग करून फुले, ओकवृक्षावरील दगडफूल आणि पीच यांचा असा मेळ घातला की, तो पुढील पिढ्यांना आदर्श ठरला. तेथे पीच खाऊ सारखे गोड नव्हते. सावलीत ठेवलेल्या फळासारखे गंभीर होते.

गोडी कोठून येते

गोडी ही वास्तविक जिभेची संवेदना आहे. नाकाला गोड कळत नाही. तरीही व्हॅनिलाचा वास गोड आहे असे आपण म्हणतो, कारण तो वास आपण नेहमी साखरेच्या संगतीत अनुभवलेला असतो. वेलदोडा आणि केशर यांचा वास मराठी माणसाला गोड वाटतो तो श्रीखंड, बासुंदी आणि पुरणपोळी यांच्या संस्काराने. ज्या समाजात वेलदोडा मांसाच्या मसाल्यात वा कॉफीत वापरला जातो, तेथे त्याची आठवण वेगळी असेल. गंधाची गोडी ही अशा रीतीने बव्हंशी शिकलेली गोष्ट आहे.

सुगंधकार ही शिकलेली आठवण जागी करतो. व्हॅनिलिन हे द्रव्य १८७४ पासून प्रयोगशाळेत तयार करता येऊ लागले. इथाइल माल्टोलला तापलेल्या साखरेचा, जत्रेतील ‘म्हातारीच्या कापसा’चा वास येतो. १९९२ मध्ये आलेल्या ‘एंजल’ या फ्रेंच परफ्यूमने त्याचा सढळ वापर केला आणि खाद्यपदार्थांच्या गोडीचे युग सुरू झाले. त्यापूर्वी दोनच वर्षे, १९९० मध्ये, सोफिया ग्रोजमन यांनी ‘त्रेझॉर’मध्ये गुलाब आणि पीच एकत्र आणले होते, १९९९ च्या ‘जादोर’मध्ये फळाची छटा फुलांच्या गुच्छात विरघळून गेली, २००४ च्या ‘बी डिलिशस’मध्ये तर हिरवे सफरचंद बाटलीच्या आकारापर्यंत पोहोचले. फळ प्रथम छाया होते, मग जोडीदार झाले आणि अखेर नायक झाले, असा हा क्रम आहे.

गोडीचे प्रमाण बिघडले की हे कूळ लगेच उघडे पडते. पाकात तार चुकली की लाडू दगड होतो किंवा बसतच नाही. येथेही तसेच आहे. चांगल्या रचनेत गोडीला आंबट किंवा कडवट द्रव्याचा आवर असतो: वर थोडी संत्र्याची साल, मध्ये पानांचा हिरवा ओलसर गंध, तळाशी लाकडाचा कोरडेपणा. हा आवर नसेल तर नाक पाच मिनिटांत कंटाळते.

काळाची रचना

चित्र एका दृष्टिक्षेपात दिसते. परफ्यूम मात्र गाण्याप्रमाणे काळात उलगडत जाते. त्वचेवर लावताच प्रथम मद्यार्क उडतो. त्याच्या मागोमाग लिंबूवर्गाची तेले आणि हलके एस्टर जातात. हा प्रारंभीचा गंध पंधरा-वीस मिनिटांचा पाहुणा असतो. मग फुलांचा मध्यगंध येतो आणि काही तास राहतो. शेवटी आधारगंध: लॅक्टोन, व्हॅनिलिन, कस्तुरीसदृश द्रव्ये आणि चंदनासारखी लाकडे. तो संध्याकाळपर्यंत, वस्त्रावर तर दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो.

फळ-पुष्पगंधाचा खरा कस या क्रमात लागतो. एस्टरांचे फळ फार लवकर निघून जाते. ते गेल्यावर पोकळी राहू नये, म्हणून त्याच्या मागे लॅक्टोनाचे जड फळ आणि दोहोंना सांधणारे फूल हवे. येथेच जाईतील बेंझिल ॲसिटेट आणि गुलाबातील डॅमॅसिनोन उपयोगी पडतात, कारण ती मुळातच दोन्ही पक्षांची आहेत. कुशल सुगंधकार फुलावर फळ चिकटवीत नाही. फुलात दडलेले फळ तो थोडे मोठे करून दाखवितो. अशा रचनेत फळ कोठे संपले आणि फूल कोठे सुरू झाले हे सांगता येत नाही. निकृष्ट रचनेत ते नेमके सांगता येते.

आधारगंधाच्या संदर्भात बेंगळुरूचे स्थान विशेष आहे. पहिल्या महायुद्धामुळे म्हैसूर संस्थानातील चंदनाचे लाकूड युरोपात जाईनासे झाले, तेव्हा येथील भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक सडबरो व वॉटसन यांनी चंदनतेल येथेच काढण्याचे प्रयोग केले. विश्वेश्वरय्या दिवाण असताना १९१६ मध्ये बेंगळुरू येथे तेलाचा कारखाना निघाला, दुसऱ्या वर्षी म्हैसूर येथे. त्यानंतर सरकारी साबण कारखाना आला. अत्तराच्या परंपरेत तर चंदनतेल हाच पाया आहे. कनौजचे कारागीर तांब्याच्या डेगेत फुले उकळून त्यांची वाफ भपक्यातील चंदनतेलात मुरवतात. चंदनाचे मोल त्याच्या वासाइतकेच दुसऱ्या गंधाला धरून ठेवण्याच्या गुणात आहे. परंतु अतितोड व चोरी यांमुळे वृक्ष दुर्मीळ झाला आणि तेलाची किंमत आवाक्याबाहेर गेली. म्हणून सर्वसाधारण किमतीच्या बाटलीत आज चंदनाच्या जागी बहुधा त्यासारखी संश्लेषित द्रव्येच असतात.

हवामानाचाही विचार करावा लागतो. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असून तेथील हवा बरीचशी समशीतोष्ण आहे. तेथे गंध सावकाश उलगडतो. मुंबईच्या मे महिन्यातील उकाड्यात तेच परफ्यूम एकदम उसळते आणि त्याची गोडी अंगावर येते. सर्जापूर रोडसारख्या परिसरात दिवसाचे अनेक तास वातानुकूलित दालनात, सामायिक वाहनात, शेजाऱ्याच्या हातभर अंतरावर काढावे लागतात. तेथे हिना किंवा केवडा यांचे दाट अत्तर दुसऱ्यावर आक्रमण करते. ताजा, हलका फळगंध मात्र हातभर अंतराची मर्यादा सहसा पाळतो. या कुळाच्या लोकप्रियतेला जाहिरातींइतकाच या राहणीचाही हातभार लागला असावा.

‘स्त्रियांसाठी’ म्हणजे काय

फूल व फळ स्त्रियांचे आणि लाकूड व चामडे पुरुषांचे, ही वाटणी व्यापाराने केलेली आहे. रसायनशास्त्रात तिला आधार नाही आणि भारतीय परंपरेतही ती नाही. मराठी लग्नसमारंभात अत्तरगुलाब दिला जातो तो प्रथम पुरुष पाहुण्यांच्या हाताला. गुलाबाच्या किंवा मोगऱ्याच्या अत्तराचा फाया कानात ठेवून बैठकीला बसणारी पिढी आपण ऐकून-वाचून ओळखतो. स्त्रियांचा सुगंध मुख्यतः ताज्या फुलांचा होता: वेणी, गजरा, अंबाड्यावरचा सोनचाफा. त्या दृष्टीने पाहिले तर फळ-पुष्पगंधाची बाटली ही गजऱ्याची दूरची नात ठरते. गजरा उमलतो, भरास येतो आणि कोमेजतो. बाटलीतील रचना हाच क्रम कोमेजण्याची पायरी गाळून पुन्हा मांडते. ज्या स्त्रीला कार्यालयात फुले माळून जाणे सोयीचे वाटत नाही, तिला या नातीची संगत बरी वाटते, यात नवल नाही.

नकली की खरे

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. बाटलीवर पीच लिहिले आहे आणि आत पीच नाही, ही गोष्ट रचनेच्या दृष्टीने फसवणूक ठरत नाही. कारण जे द्रव्य आत आहे ते पीचमध्येही असते आणि नाकाला त्याच रेणूची भेट होते. गायकाने कोकिळेचा स्वर काढला तर कोकिळा कोठे आहे असे आपण विचारीत नाही. शिवाय संश्लेषणाने काही जीव वाचविले आहेत. कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षण मिळाले. पण कस्तुरीचा वास प्रयोगशाळेत तयार होऊ लागला नसता, तर त्या कायद्याचे काम कितीतरी कठीण झाले असते. संश्लेषणाचा कच्चा माल पुष्कळदा शेतातूनच येतो, हेही लक्षात ठेवावे. १८९३ मध्ये शोध लागलेले आयोनोन बनविण्यासाठी लागणारे सिट्राल दीर्घकाळ गवती चहाच्या जातीच्या तृणतेलातून मिळवले जात असे आणि ते तेल केरळातून जगभर जाई.

फसवणूक होऊ शकते ती दुसऱ्या दोन ठिकाणी. पहिले ठिकाण ‘नैसर्गिक’ या शब्दाचे. नैसर्गिक ते निर्धोक, हे समीकरण खरे नाही. बर्गामोटच्या सालीच्या अप्रक्रियित तेलातील काही घटक उन्हात त्वचा भाजू शकतात. गुलाब, लव्हेंडर व लवंग यांच्या तेलांतील काही स्वाभाविक घटकांची काही व्यक्तींना ॲलर्जी असते. उलटपक्षी, प्रयोगशाळेतील सर्वच द्रव्ये सुरक्षित असतात असेही नाही. वर्षानुवर्षे फुलांच्या रचनांमध्ये वापरले गेलेले ‘लिलिअल’ हे संश्लेषित द्रव्य युरोपीय संघाने १ मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत निषिद्ध केले. विचारावयाचा प्रश्न द्रव्य कोणते आणि किती, हा आहे. ते शेतातून आले की प्रयोगशाळेतून, हा प्रश्न दुय्यम आहे.

दुसरे ठिकाण किमतीचे. जाईचा किंवा निशिगंधाचा अर्क खरोखर वापरला असेल, तर त्याचे मोल शेतापर्यंत पोहोचते. केवळ नाव वापरून अर्काची किंमत घेतली, तर ग्राहक आणि शेतकरी दोघांनाही तोटा होतो. वेष्टनावरील ‘जाई’ या शब्दावरून आत अर्क आहे की नाही हे कळत नाही. तो शब्द अनुभवाचे नाव असतो, घटकाचे नव्हे. घटकांची यादी बारीक अक्षरांत निराळी छापलेली असते आणि तिच्यातही ‘सुगंध’ या एका शब्दाखाली पुष्कळ गोष्टी झाकल्या जातात.

तेव्हा पारख करण्याचे काम ग्राहकाच्या नाकावरच येते आणि त्यासाठी फारशी सामग्री लागत नाही, वेळ लागतो. दुकानातील कागदाच्या पट्टीवर पहिल्या मिनिटाला जो गोड, रसाळ गंध येतो, तो एस्टरांचा, म्हणजे लवकर निघून जाणाऱ्या पाहुण्याचा असतो. त्याच्यावर विसंबून बाटली घेणे म्हणजे आंब्याचा केवळ रंग पाहून पेटी घेण्यासारखे आहे. मनगटावर एक थेंब लावून अर्ध्या तासाने, आणि पुन्हा चार तासांनी हुंगावे. फळ गेल्यावर फूल उभे राहते का, फूल ओसरल्यावर काही कोमल उरते का, की केवळ साखर मागे राहते, हे तेव्हा कळते. ज्याने कवठी चाफा संध्याकाळी उमलताना एकदा लक्षपूर्वक हुंगला आहे, त्याच्यापाशी या परीक्षेचे माप आधीच असते. फळ आणि फूल एका पाकळीत कसे नांदतात, हे त्याने मूळ ठिकाणी पाहिलेले असते.